विचारा की! टीव्हीतलं ‘पहिलं’ नेमकं कुणाचं?

मागच्या अंकात मी दोन ओळी टाकल्या होत्या : २६ जानेवारी २०२६ ला टेलिव्हिजनच्या पहिल्या जाहीर प्रयोगाला शंभर वर्षं झाली, कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा की. पत्रांचा गठ्ठाच आला. शहापुरातल्या दुकानात मी जन्मभर रेडिओ आणि टीव्हीच दुरुस्त केले, त्यामुळं हा विषय निघाला की माझा हात थांबत नाही. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, निवडक घेतोय. बऱ्याच पत्रांत एक सूर होता : आपल्या सीमाभागाच्या वाट्याला सगळं उशिराच येतं. त्याचं उत्तर मी जरा लांब दिलंय. ते मुद्दाम वाचा.

हा पहिला प्रयोग कुठं झाला? पडद्यावर सर्वांत आधी कोण दिसलं? (एक शिक्षिका, खानापूर)

बाई, प्रयोग झाला लंडनमध्ये, सोहो भागातल्या फ्रिथ स्ट्रीटवर, २२ नंबरच्या इमारतीत, माडीवरच्या खोलीत. करणारा जॉन लोगी बेअर्ड, स्कॉटलंडचा माणूस. रॉयल इन्स्टिट्यूशन या मोठ्या विज्ञानसंस्थेच्या सुमारे चाळीस सभासदांना त्यानं तिथं बोलावलं आणि एका खोलीतला चेहरा दुसऱ्या खोलीत हलताना दाखवला.

पण खरी गंमत त्याच्या आधीची आहे. २ ऑक्टोबर १९२५ ला त्याच्या पडद्यावर पहिल्यांदा ओळखू येईल असं चित्र उमटलं, आणि ते माणसाचं नव्हतं. बोलक्या बाहुल्यांचा खेळ करणाऱ्यांकडं असतो तसल्या एका बाहुल्याचं डोकं होतं. त्याचं नाव स्टूकी बिल. बाहुलाच का, तर दिव्यांची धग. त्या काळच्या यंत्राला इतका झगझगीत उजेड लागायचा की त्यासमोर जिवंत माणूस फार वेळ बसूच शकत नव्हता. बाहुला दिसला म्हटल्यावर बेअर्ड जिना उतरून धावत खाली गेला आणि खालच्या कचेरीतल्या विल्यम टेंटन नावाच्या पोऱ्याला वर घेऊन आला. त्याला यंत्रासमोर बसवून पलीकडं जाऊन बघतो तर पडदा कोराच! परत येऊन पाहिलं तर पोरगा उष्णतेनं घाबरून मागं सरकलेला. मग बेअर्डनं त्याच्या हातावर अर्धा क्राऊन, म्हणजे तिथलं एक नाणं, ठेवलं आणि थोडं सोस म्हणाला. टेलिव्हिजनवर दिसलेला पहिला माणूस तो. पडद्यावर दिसायचे पैसे घेणाराही पहिला तोच.

चित्र फक्त ३० ओळींचं होतं. आपल्या जुन्या टीव्हीचं ६२५ ओळींचं असायचं, यावरून अंदाज घ्या. कॅमेऱ्याच्या जागी गरगर फिरणारी तबकडी, तिच्यात चक्राकार मांडलेली भिंगं. मूळ कल्पना पॉल निपको या जर्मन माणसाची, १८८४ ची. बेअर्डजवळ पैसा नव्हता. चहाचं खोकं, बिस्किटाचा डबा, रफूच्या सुया, सायकलच्या दिव्याची भिंगं असल्या सामानातून त्यानं यंत्र उभं केलं. ज्यानं भंगारातून ट्रान्झिस्टर काढून रेडिओ जिवंत केलाय, त्यालाच या माणसाची किंमत कळेल.

काका, मी वाचलं की टीव्ही एका शेतकऱ्याच्या पोरानं शोधला. मग बेअर्ड कोण? (एक वाचक, येळ्ळूर)

दोन्ही खरं आहे. बेअर्डचा टीव्ही फिरत्या तबकडीवर चालायचा. पुढं आपण घरात आणला तो काचेच्या नळीचा, ज्यात काहीच फिरत नाही, फक्त इलेक्ट्रॉनचा झोत पडद्यावर धावतो. तो पहिल्यांदा चालवून दाखवला फिलो फार्न्सवर्थनं, ७ सप्टेंबर १९२७ ला, सॅन फ्रान्सिस्कोत. वय २१. त्यानं पाठवलेलं पहिलं चित्र म्हणजे नुसती एक सरळ रेघ.

अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात रिग्बी गावाजवळ त्याच्या घरची शेती. चौदा वर्षांचा असताना बटाट्याच्या रानात काम करताना त्यानं मागं वळून पाहिलं. एकाशेजारी एक नांगराचे सरळ तास, म्हणजे रेघा, पडलेले. चित्रही असंच तासातासानं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढत नेलं तर? मी शिकाऊ पोरांना टीव्हीचा पडदा समजावताना हेच सांगायचो. झोत डावीकडून उजवीकडं एक तास मारतो, झटक्यात परत येतो, खालचा तास धरतो. ६२५ तासांचं रान, सेकंदाला २५ वेळा नांगरून व्हायचं. तुमच्या येळ्ळूरच्या भातवाल्यांना हे मी न सांगता कळेल.

त्यानं ही आकृती शाळेत असताना जस्टिन टोलमन या विज्ञानाच्या मास्तरांना फळ्यावर काढून दाखवली होती. पुढं आरसीए या बलाढ्य कंपनीशी पेटंटचा वाद झाला, तेव्हा हे मास्तर साक्षीला उभे राहिले आणि त्या पोरानं तेव्हा काय दाखवलं होतं ते कागदावर काढून दिलं. १९३४ मध्ये निकाल फार्न्सवर्थच्या बाजूनं लागला. १९३९ मध्ये आरसीएला त्याच्याशी करार करून पैसे मोजावे लागले. मला या गोष्टीत सर्वांत मोठे वाटतात ते हे मास्तर. शाळकरी पोराचं चित्र इतकी वर्षं डोक्यात जपणारा मास्तर सगळ्यांना मिळत नाही.

एवढं करूनही लोक त्याला ओळखत नव्हते. १९५७ मध्ये अमेरिकेत ‘तुमचं गुपित ओळखू’ अशा धर्तीच्या एका टीव्ही कार्यक्रमात तो पाहुणा म्हणून गेला. हा टेलिव्हिजनचा निर्माता आहे हे समोरच्या एकालाही ओळखता आलं नाही, आणि तो ८० डॉलर जिंकून घरी गेला. टीव्हीवरच बसलाय आणि टीव्हीवाले ओळखत नाहीत, हे वाचून मला आजही वाईट वाटतं.

तेव्हा ‘पहिला कोण’ असं कुणी विचारलं की आधी उलट विचारा, कशातला पहिला?

आपल्या सीमाभागात टीव्ही सगळ्यात शेवटी आला ना? मुंबई-पुण्याकडं केव्हाचा होता. (एक वाचक, निपाणी)

याच पत्राची मी वाट बघत होतो.

मुंबईचं खरं आहे. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ ला सुरुवात झाली. ती प्रयोग म्हणून, आठवड्यातून दोनदा, तेही दिल्ली आणि आसपासच्या चाळीसएक किलोमीटरपुरती. रोजचं प्रक्षेपण १९६५ पासून. दुसरं केंद्र मुंबई, २ ऑक्टोबर १९७२. पुण्याला सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळं पुढच्या वर्षी दिसायला लागलं. त्याच वर्षी श्रीनगर आणि अमृतसरही.

आता पुढचं नीट वाचा. १ ऑगस्ट १९७५ या दिवशी आपल्या शेजारच्या विजापूर जिल्ह्यातल्या खेड्यांत टीव्ही सुरू झाला. त्या दिवशी कलकत्त्यात टीव्ही केंद्र नव्हतं, ते ९ ऑगस्टला सुरू झालं. मद्रासमध्ये नव्हतं, ते १५ ऑगस्टला. बेंगळुरूला तर १९८१ उजाडावं लागलं. म्हणजे इंडी-सिंदगीकडच्या खेड्यातला मेंढपाळ आपल्या राज्याच्या राजधानीच्या सहा वर्षं आधी टीव्ही बघत होता. आणि तोही साधा नव्हे, थेट उपग्रहावरून.

या प्रयोगाचं नाव ‘साइट’. अमेरिकेच्या नासाचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी आपल्याला मिळाला होता. विक्रम साराभाईंनी १९६९ मध्ये नासाशी करार घडवून आणला. १९७१ च्या डिसेंबरात ते गेले, त्यांना हे बघायला मिळालं नाही. प्रा. यशपाल आणि अहमदाबादच्या इस्रोच्या मंडळींनी काम तडीस नेलं. सहा राज्यांतली २४०० खेडी निवडली : आंध्र, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा, राजस्थान. कर्नाटकाचे तीन जिल्हे होते, विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर. मागास म्हणून निवडलेले जिल्हे होते हे. आणि मागास म्हणूनच जगात सर्वांत पुढची गोष्ट त्यांच्या दारात आधी आली. खेड्यातल्या साध्या सेटवर थेट उपग्रहावरून कार्यक्रम उतरवायचा एवढा मोठा प्रयोग तोवर जगात कुणी केलेला नव्हता.

माझे मामा इंडी तालुक्यात शाळेत मास्तर होते. मी तेव्हा दहावीच्या आसपास. सुट्टीला गेलो तर शाळेच्या आवारात ही भली मोठी छत्री! दहा फूट व्यासाची. आणि कशाची, तर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या जाळीची. मला वाटलं होतं उपग्रहाची वस्तू म्हणजे चकचकीत काहीतरी असणार. शेळ्या अंगाला घासू नयेत म्हणून भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलेलं. छत्रीचं तोंड मावळतीकडं, कारण उपग्रह आफ्रिकेत केनियाच्या डोक्यावर, ३६,००० किलोमीटर उंचीवर उभा होता. आज तुमच्या गच्चीवरची छत्री बघा, तिचं तोंड आग्नेयेकडं असतं. प्रत्येक छत्री आपापल्या उपग्रहाकडं बघत असते. पुढं हाच माझा धंदा झाला, पण दिशेचा पहिला धडा मला त्या जाळीनं दिला.

संध्याकाळी मामा शाळेच्या पडवीत टेबलावर सेट ठेवायचे. पोरं पुढं, बायका एका अंगाला, म्हातारी माणसं घोंगडी टाकून भिंतीला टेकून. सकाळी दीड तास शाळेच्या मुलांसाठी, संध्याकाळी अडीच तास सगळ्यांसाठी : शेती, आरोग्य, लोककला, बातम्या. आणि कारागिरी अशी की चित्र एकच, पण आवाजाच्या वाटा दोन. आंध्रातल्या खेड्यात तेच चित्र तेलुगूत ऐकू यायचं आणि इकडं कन्नडमध्ये. मी त्या वयात सेटच्या मागं जाऊन बसायचो. समोरचं लोक बघतात, मला मागचं बघायचं होतं. मामांनी बटन चालू केलं की आत हळूहळू लाल होणारा नळ्यांचा गळा जाळीतून दिसायचा.

बरोबर वर्षानं, ३१ जुलै १९७६ ला, प्रयोग संपला आणि ठरल्याप्रमाणं अमेरिकेनं उपग्रह परत तिकडं सरकवला. मामांच्या गावातला सेट शाळेच्या कपाटात गेला. गुलबर्ग्याला १९७७ मध्ये जमिनीवरचं केंद्र निघालं. कर्नाटकातलं पहिलं दूरदर्शन केंद्र ते. बेंगळुरूचं नव्हे, हेही लक्षात ठेवा. पण विजापूरची बरीच गावं त्याच्या टप्प्याबाहेर राहिली. एकदा दिलं आणि काढून घेतलं, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. तरीसुद्धा, सगळं उशिरा आलं असं म्हणू नका. काही गोष्टी आपल्याकडं आधी आल्या होत्या.

तुमच्या निपाणीचं म्हणाल तर तुमची अडचण वेगळी होती. टीव्ही आला, पण मराठी कुठून दिसायचं? बोरगाव, कोगनोळी, निपाणीत मी कितीतरी घरांवर उंच लोखंडी पाइप चढवून अँटेना कोल्हापूरकडं वळवून दिल्यात, खाली बूस्टर लावून. एक जण गच्चीवर, एक जण खिडकीत, एक जण टीव्हीसमोर. ‘मुंग्या आल्या, जरा उजवीकडं, अजून, थांब थांब!’ हे तुम्हीही ओरडला असाल.

पु. ल. देशपांडे आणि टीव्हीचा काही संबंध होता असं ऐकलं. खरं का? (एक वाचक, टिळकवाडी)

खरं तर तुम्हीच मला सांगायला हवं. तुमच्या टिळकवाडीतल्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात ते प्राध्यापक होते! पुढं आकाशवाणीत गेले, युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर लंडनला बीबीसीत टेलिव्हिजनचं शिक्षण घेतलं आणि दिल्लीत टीव्ही सुरू झाला तेव्हा पहिल्या फळीतल्या निर्मात्यांत होते. भारतीय टीव्हीवर पंडित नेहरूंची पहिली मुलाखत घेतली ती पु. लं. नी. आरपीडीच्या वर्गातून निघालेला माणूस देशाच्या पंतप्रधानांसमोर पहिला कॅमेरा घेऊन बसला, याची एक पाटी त्या कॉलेजात कुठंतरी लागली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

बातम्यांचंही काहींनी विचारलंय. १९६५ मध्ये दिल्लीहून पाच मिनिटांचं रोजचं बातमीपत्र सुरू झालं, ते वाचणाऱ्या प्रतिमा पुरी. मुंबई केंद्रावरच्या मराठी बातम्यांत भक्ती बर्वे, स्मिता पाटील, पुढं प्रदीप भिडे. स्मिता पाटील जीन्सवरच साडी गुंडाळून बातम्या वाचायला बसायच्या, ही गोष्ट त्यांच्या बरोबरच्यांनीच सांगितलेली आहे. श्याम बेनेगलांनी त्यांना सिनेमात घेतलं ते हा बातम्यांतला चेहरा बघून.

आमचे आजोबा म्हणतात, माणूस चंद्रावर उतरला ते मी बेळगावात टीव्हीवर थेट बघितलं. आम्ही वाद घालतो. (भाऊ-बहीण, कडोली)

वाद घालू नका, आजोबांच्या शेजारी बसून नीट विचारा. आर्मस्ट्राँगनं चंद्रावर पाय ठेवला तेव्हा आपल्याकडं २१ जुलै १९६९, सोमवार, सकाळचे साडेआठ वाजत आलेले. त्या वेळी देशात टीव्ही फक्त दिल्लीत होता, आणि परदेशातलं थेट चित्र उपग्रहावरून उतरवणारं केंद्रसुद्धा आपल्याकडं नव्हतं. ते पुणे जिल्ह्यात जुन्नरजवळ आर्वीला झालं, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला. आजोबांनी ऐकलं असेल रेडिओवर आणि नंतर चित्रफीत बघितली असेल थिएटरात. मनात दोन्ही एकत्र बसलं. मन असंच जोडणी करतं.

त्या थेट प्रक्षेपणातली एक गोष्ट त्यांना सांगा, त्यांना आवडेल. पहिल्या पावलाचं जे चित्र जगानं बघितलं, ते अमेरिकेतल्या नव्हे तर ऑस्ट्रेलियातल्या हनीसकल क्रीक या ठिकाणच्या अँटेनानं पकडलेलं होतं. आणि चंद्रावरून आलेल्या मूळ चित्राच्या टेपा नासानं पुढं टेपांची टंचाई पडली म्हणून पुसून पुन्हा वापरल्या. आज आपण बघतो ते टीव्हीवर दाखवण्यासाठी बदलून घेतलेलं, मूळपेक्षा फिकं चित्र. ज्यानं कधी लग्नाच्या कॅसेटवर चुकून क्रिकेटची मॅच भरलीय त्या घरातलं दुःख मला ठाऊक आहे. इथं तर चंद्र पुसला गेला.

काका, पहिला रिमोट कसा होता? (इयत्ता आठवी, चिकोडी)

शाब्बास, चांगला प्रश्न. १९५० मध्ये अमेरिकेच्या झेनिथ कंपनीनं एक काढला, पण त्याला वायर होती. माणसं अडखळून पडायची. बिनवायरीचा पहिला १९५५ मध्ये, यूजिन पॉली या इंजिनिअरनं केलेला. तो होता चक्क बॅटरीचा उजेड! पिस्तुलासारखा हातात धरायचा आणि पडद्याच्या चार कोपऱ्यांपैकी एकावर उजेड मारायचा. एका कोपऱ्यानं बंद-चालू, एकानं आवाज, दोन कोपऱ्यांनी चॅनेल. अडचण अशी की खिडकीतून ऊन आलं की चॅनेल आपोआप बदलायचं.

मग १९५६ मध्ये रॉबर्ट अ‍ॅडलरनं दुसरा केला, आणि माझ्या लेखी कारागिरीत त्याला तोड नाही. त्यात सेल नाही, वायर नाही, काहीच नाही. आत अ‍ॅल्युमिनियमच्या चार कांड्या. बटन दाबलं की छोटी हातोडी कांडीवर आपटायची, आणि माणसाच्या कानाला ऐकू न येणारा आवाज निघायचा. टीव्हीला तो ऐकू यायचा. प्रत्येक कांडीची लांबी जराशी वेगळी, म्हणून आवाज वेगळा, म्हणून काम वेगळं. सेल न घालण्याचं कारणही ऐक. कंपनीच्या विक्रीवाल्यांना भीती होती की सेल संपला तर गिऱ्हाईक म्हणेल टीव्हीच बिघडला. दुकानात अशी गिऱ्हाइकं मी रोज बघितलीत. फक्त एक होतं, कुणी किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवला तरी चॅनेल बदलायचं.

आजचा रिमोट डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडावर चालतो. घरी करून बघ : मोबाइलचा कॅमेरा चालू कर, रिमोटचं तोंड त्याच्यासमोर धर आणि बटन दाब. बहुतेक मोबाइलमध्ये रिमोटचा बल्ब लुकलुकताना दिसेल. दिसला तर रिमोट ठीक. नाही दिसला तर आधी सेल बदल, मग बाबांना दुकानात पाठव.

टीव्हीवरची पहिली जाहिरात? (एक दुकानदार, संकेश्वर)

१ जुलै १९४१, न्यूयॉर्क, बुलोव्हा घड्याळाची. बेसबॉलच्या सामन्याआधी दहा सेकंद. पडद्यावर अमेरिकेचा नकाशा, त्यावर घड्याळ. खर्च ९ डॉलर. आपल्या दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या १ जानेवारी १९७६ पासून. शेठ, ९ डॉलरचा भाव आता विसरा.

रामायण ही देशातली पहिली मालिका ना? (एक वाचिका, अथणी)

नाही ताई. देशभर गाजलेली पहिली मालिका ‘हम लोग’, ७ जुलै १९८४ ला सुरू झाली. शेवटी अशोककुमार येऊन प्रेक्षकांशी बोलायचे. मेक्सिकोत मालिकांतून साक्षरता आणि कुटुंबनियोजनाचा प्रचार झाला होता, त्यावरून ही कल्पना आली. पण मराठीत त्याच्याही आधी, १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात, मुंबई दूरदर्शनवर ‘चिमणराव’ होऊन गेलं होतं. दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. बेळगावात ते दिसत नव्हतं. मुंबईचे पाहुणे आले की आम्ही त्यांच्याकडून एकेक भाग तोंडी ऐकायचो, आणि सांगणाराही रंगवून सांगायचा.

रामायण सुरू झालं २५ जानेवारी १९८७ ला, रविवारी सकाळी. तुम्ही विचारलेल्या अर्थानं ते पहिलं नाही, पण माझ्या धंद्यात मात्र त्यानं नवीनच काहीतरी सुरू केलं. शनिवारची रात्र! शनिवारी दुपारपासून दुकानासमोर हातगाड्या, सायकली, बैलगाड्यासुद्धा. मागं गोधडीत गुंडाळलेला सेट. सगळ्यांचं एकच : ‘उद्या नऊच्या आत पायजे.’ जास्त करून एलओटी, म्हणजे पिक्चर ट्यूबला मोठा दाब पुरवणारा ट्रान्सफॉर्मर, गेलेला असायचा, नाहीतर व्होल्टेज कमी-जास्त होऊन पॉवर सप्लाय. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत सोल्डरिंग गन खाली ठेवायला मिळायची नाही. अथणी-कागवाडकडचं एक गिऱ्हाईक तर करंटची खात्री नाही म्हणून ट्रॅक्टरची बॅटरी काढून तिच्यावर बारा व्होल्टचा छोटा सेट लावायचं, आणि अख्खी वस्ती त्या चौदा इंची पडद्यासमोर. सेट सुरू व्हायच्या आधी त्याला हार घातलेला मी डोळ्यांनी बघितलाय. महाभारताला, म्हणजे २ ऑक्टोबर १९८८ नंतर, गर्दी तशीच, पण तोवर घरोघरी सेट वाढले होते.

रंगाचंही तुम्ही विचारलंय. देशात रंगीत प्रक्षेपण १५ ऑगस्ट १९८२ ला सुरू झालं, त्याच नोव्हेंबरात दिल्लीत आशियाई खेळ होते म्हणून घाई. आपल्याकडं मात्र बरीच वर्षं कृष्णधवल सेटच होते. त्यावर लोक प्लास्टिकची रंगीत काच लावायचे, वर निळी, खाली हिरवी. मैदान हिरवं दिसायचं हे खरं, पण रामाचे पायही हिरवे दिसायचे.

‘मिले सुर’ पहिल्यांदा कधी लागलं? सुरुवातीला भीमसेन जोशीच का? (एक वाचक, हुक्केरी)

१५ ऑगस्ट १९८८, लाल किल्ल्यावरचं पंतप्रधानांचं भाषण संपल्यावर. सुरुवात भैरवीत, आणि भैरवी देशाच्या घराघरांत पोचवायची तर त्या काळात भीमसेनांइतका गळा दुसरा कुठला होता? गदगचा माणूस, पुण्यात स्थायिक. कन्नड आपली म्हणते, मराठी आपली म्हणते. आम्हा सीमाभागातल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. त्या काळी दुकानात दाखवायला ठेवलेल्या पाच-सहा सेटांवर एकदम ते सुरू झालं की रस्त्यावरचे लोक थांबायचे, कानडी असोत की मराठी.

घरात वडिलांचा शटरचा जुना टीव्ही आहे. चालू होईल का? (एक वाचक, नंदगड)

होऊ शकतो. पण आधी सांगतो, मागचं झाकण स्वतः उघडू नका. पिक्चर ट्यूबला १५,००० व्होल्टच्या आसपास दाब लागतो, आणि प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये काही काळ तो साठून राहतो. चांगला हिसका बसतो. जुन्या कारागिराला बोलवा. इतकी वर्षं बंद असेल तर थेट २३० व्होल्टवर लावू नका. आधी आतली धूळ त्याच्याकडूनच झाडून घ्या आणि मोठे कपॅसिटर फुगलेत का ते त्याला बघायला सांगा, फुगले असतील तर बदला. शटरच्या लाकडाला वाळवी लागली नसेल तर निम्मी लढाई जिंकलात.

सेट चालला तरी अँटेनावर आता काही येणार नाही. जुने अ‍ॅनालॉग प्रक्षेपक गेल्या काही वर्षांत बहुतेक बंद झालेत, पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसतील. त्याला छत्रीचा सेट-टॉप बॉक्स लावायचा. तुमच्या सेटला मागं लाल-पिवळी पिन जोडायची सोय नसणार, म्हणून मध्ये आरएफ मॉड्युलेटर नावाची छोटी डबी लागेल. जुन्या बाजारात स्वस्तात मिळते. तिची वायर अँटेनाच्या जागी लावा, ट्यूनरची गोल कळ चॅनेल ३ किंवा ४ वर फिरवा आणि बारीक ट्यूनिंगची आतली कडी हळूहळू फिरवत राहा. चित्र गडगडत वर-खाली धावायला लागलं तर घाबरू नका, मागं ‘व्ही होल्ड’ लिहिलेली छोटी मूठ असते, ती अर्धा फेरा फिरवली की चित्र जागेवर थांबतं.